लान्सेरो: बारीक सिगार निवडावा कसा, ओढावा कसा

प्रश्न असा आहे: "एरवी मी रोबुस्टो, म्हणजे आखूड जाड सिगार, ओढतो. वाढदिवसाला पाच लान्सेरोंचा पॅक मिळाला. पहिल्याला ओढच नव्हती, गाल दुखून आले. दुसरा सुरुवातीला छान लागला, पण निम्म्यावर गरम आणि कडूजहर झाला. बारीक सिगार असेच असतात का? की माल खराब निघाला? चांगला ओळखायचा कसा? मी पुण्यात राहतो, ऑगस्ट चालू आहे."

थोडक्यात सांगायचं तर पहिला सिगार बहुधा दमट हवेने बिघडवला आणि दुसरा रोबुस्टोच्या सवयीने. उरलेले तीन टाकून देऊ नका. आता सविस्तर.

दुबईत सिगारच्या दुकानात काउंटरमागे उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. खप कायम जाड सिगारचा. पैसे दिले तर हातात काहीतरी भरघोस आलं पाहिजे, हा हिशोब मला कळतो. पण वळणाऱ्याचा हात कसा आहे हे बघायचं असेल तर लान्सेरो मागावा. जाड सिगारमध्ये एखादं पान दुमडलं, गाठ राहिली, तर धूर बाजूने वाट काढतो आणि चूक पोटात घातली जाते. लान्सेरोत तीच चूक पहिल्या झुरक्याला चव्हाट्यावर येते.

मापं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरूनच निघतं. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात. एक गेज म्हणजे इंचाचा 64 वा भाग. अस्सल लान्सेरो 192 मिलिमीटर लांब आणि 38 गेजचा, म्हणजे जेमतेम 15 मिलिमीटर जाड. तुमचा रोबुस्टो साधारण 124 मिलिमीटर लांब आणि 50 गेजचा, म्हणजे 20 मिलिमीटरच्या आसपास. या लांब मापाला क्यूबातल्या कारखान्यांत 'लागितो नंबर 1' म्हणतात. नाव आलं हवानातल्या एल लागितो कारखान्यावरून. फिडेल कॅस्ट्रोच्या एका अंगरक्षकाला त्याचा ओळखीचा कारागीर असे लांब सिगार वळून द्यायचा, एक दिवस कॅस्ट्रोंनी त्यातला मागून घेतला आणि मग खास त्यांच्यासाठी ते वळले जाऊ लागले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. 1966 मध्ये त्याला कोहिबा हे नाव मिळालं. पुढची बरीच वर्षं हे सिगार परदेशी पाहुण्यांना आणि राजदूतांना भेट जायचे. 1982 मध्ये ते दुकानांत आले. त्यांच्याच कुळातला त्रिनिदाद फुंदादोरेस तेवढाच लांब, पण 40 गेजचा. तो 1998 मध्ये बाजारात आला. तेवढाच बारीक पण आखूड हवा असेल तर 152 मिलिमीटरचा 'लागितो नंबर 2' असतो. असे आखूड बारीक सिगार बहुतेक ठिकाणी पनाटेला या नावाने मिळतात, आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.

आता बारीक सिगारचं एवढं कौतुक कशासाठी? उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. नळीचा घेर व्यासाच्या प्रमाणात वाढतो, तिचं पोट मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे सिगार जितका बारीक, तितका आतल्या तंबाखूच्या मानाने बाहेरच्या पानाचा, म्हणजे रॅपरचा, वाटा जास्त. 54 गेजच्या सिगारशी तुलना केली तर 38 गेजमध्ये तो जवळजवळ 1.4 पट पडतो. रॅपर हे सिगारमधलं सगळ्यात जपून वाढवलेलं आणि सगळ्यात महाग पान. त्याची चव जिथे पुढे येते ती जागा म्हणजे लान्सेरो. त्यामुळे निवडताना ब्रँडच्या आधी रॅपर विचारा. कनेक्टिकट शेड असेल तर चव मऊ, दुधाळ. इक्वाडोरमध्ये पिकवलेलं हबानो असेल तर मिरीचा ठसका. मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातलं काळं मादुरो असेल तर कोको आणि मातीचा वास. जाड सिगारमध्ये हे फरक शोधावे लागतात, इथे ते समोर येऊन उभे राहतात.

पोटातल्या पानांची गोष्ट याच्या उलट. झाडाच्या खालच्या भागातलं वोलादो चांगलं जळतं पण चवीला सौम्य. मधलं सेको वास देतं. वरचं लिहेरो उन्हात तापलेलं, जाड, तेलकट, ताकदीचं आणि जळायला मंद. लिहेरो नेहमी बरोबर मध्यावर ठेवायचं असतं. ते कडेला सरकलं की सिगार एका बाजूने जळतो आणि दुसऱ्या बाजूने बोगदा पडतो. 20 मिलिमीटरमध्ये मध्य साधायला जागा असते. 15 मिलिमीटरमध्ये पानंच मोजकी बसतात, त्यात लिहेरो किती आणि कसं घालायचं याचं गणित नव्याने मांडावं लागतं. म्हणून एकाच नावाचा रोबुस्टो आणि लान्सेरो चवीला सख्खे भाऊ असले तरी जुळे नसतात. हे अनुभवायचं असेल तर ओलिव्हा या ब्रँडच्या सेरी व्हीचे दोन्ही आकार एका आठवड्यात ओढून बघा. आत निकाराग्वातल्या हालापा खोऱ्याचं लिहेरो आहे, बाहेर इक्वाडोरचं हबानो. रोबुस्टोत आतलं दांडगं लागतं, लान्सेरोत बाहेरचं.

तंबाखू कमी असूनही लान्सेरो स्वस्त नसतो, तो याच कारणाने. पैसे हाताचे असतात. असे सिगार अनुभवी कारागिरांकडेच दिले जातात आणि त्यांचेही दिवसाला कमीच होतात. नीट वळणारा प्रत्येक पान नळीसारखं सैल गुंडाळून एकमेकांशेजारी बसवतो, म्हणजे धुराला उभ्या वाटा राहतात. घाई करणारा पानं पुस्तकासारखी एकावर एक ठेवून गुंडाळतो. जाड सिगारमध्ये तेही खपून जातं.

मग दुकानात हे ओळखायचं कसं? माझी आत्या सोलापुरात विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापाने कातरलेली पानं. कारखान्यात माल जमा करताना चेकर एकेक जुडी चिमटीत धरून दाबायचा आणि पोकळ किंवा दगडासारख्या विड्या बाजूला टाकायचा. त्या छाट विड्यांचे पैसे मिळायचे नाहीत. त्याची नजर दुसरीकडेच असायची, सगळं काम बोटं करायची. लान्सेरोची पारख अशीच बोटांनी करायची असते.

आधी दुकानदाराला विचारा, मग हात लावा. सिगार डाव्या हाताच्या बोटांवर आडवा ठेवा. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं यांत तो हलकेच धरून पेटवायच्या टोकापासून तोंडाच्या टोकापर्यंत फिरवत न्या. दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. सगळीकडे सारखीच किंचित लवचिक भरण लागली पाहिजे. मध्येच मऊ खळगा लागला तर तिथे पान कमी पडलंय, तो भाग भसाभस जळेल आणि गरम होईल. मध्येच कडक गाठ लागली तर तिथे पान पिळलंय किंवा देठ राहिलाय. गाठ सगळ्यात जास्त कुठे सापडते? पट्टीच्या, म्हणजे ब्रँडचं नाव असलेल्या कागदी कड्याच्या खाली, अंगठ्याच्या रुंदीएवढ्या अंतरात. वळणारा टोक निमुळतं करायला तिथेच पानं आवळतो. नेमका तो भाग पट्टीने झाकलेला असतो म्हणून गिऱ्हाईक तिथे हात लावतच नाही. तुम्ही लावा. शिवाय त्याच खोक्यातले दोन-तीन सिगार एकेक करून तळहातावर तोलून बघा. बाकीच्यांपेक्षा जड लागणारा ठेवून द्या. बारीक सिगारमध्ये जड म्हणजे भरगच्च नव्हे, तुंबलेला.

मग पेटवायचं टोक बघा. तिथे पानांच्या घड्या आणि त्यांच्यामधल्या बारीक फटी दिसल्या पाहिजेत. मध्यावर गडद पान दिसलं तर उत्तम. सगळा भुगा दिसत असेल तर तो चुरा भरलेला सिगार आहे, लान्सेरोच्या भावात घेऊ नका. रॅपरच्या शिरा बारीक असाव्यात. जाड शीर तिरपी धावत असेल तर आग तिच्यापाशी अडखळते आणि जळण वाकडं होतं. किंचित बाक चालतो, एवढ्या लांबीला तो येतोच. पेटवायच्या टोकाला चीर असेल तर मात्र नको, पेटवल्यावर ती वर सरकते. काही जण सिगार कानाशी धरून करकर आवाज ऐकतात. त्यातून काही कळत नाही, रॅपर मात्र तडकतं.

तोंडाच्या टोकाला पिळलेली शेंडी असेल तर बघायला छान असते. कोहिबाच्या लान्सेरोला आणि त्रिनिदादला ती असते. पण ती चांगल्या वळणीची खूण समजू नका. शेंडी नुसती पीळ देऊन तोडली तर भोक अगदी बारीक पडतं, आणि मग ओढ नाही म्हणून सिगारला दोष दिला जातो. सरळ पात्याच्या कटरने शेंडीसकट टोपीचा, म्हणजे तोंडाचं टोक बंद करणाऱ्या पानाचा, दीड-दोन मिलिमीटरचा तुकडा उडवा. टोपी जिथे अंगाला मिळते ती रेष ओलांडू नका, नाहीतर रॅपर उलगडत जाईल. गोल भोक पाडणारा पंच वापरू नका. इतक्या बारीक टोकात पंच शिरतो तेव्हा कडा फाटते, आणि सगळा धूर एका भोकातून आला की डांबरही तिथेच साचतं.

कापल्यावर न पेटवता एक झुरका घ्या. थोडा अडसर जाणवला पाहिजे. हवा सहज आली तर सिगार पोकळ आहे, भराभर तापेल. काहीच आलं नाही तर अजून एक मिलिमीटर कापा. तरीही नाही, तर पट्टीखालचा भाग दोन बोटांत हलकेच फिरवत मोकळा करा. ओढ मोकळी करायच्या बारीक सळया मिळतात. त्या लान्सेरोच्या पूर्ण लांबीत पोचत नाहीत, पण अडसर बहुधा टोपीजवळच असतो, त्यामुळे काम होतं. घुसवताना सळई फिरवत न्या, ढकललीत तर रॅपर फुटेल.

आता तुमचा पहिला सिगार. ऑगस्टमध्ये पुण्याची हवा बहुतेक वेळ 80 टक्के आर्द्रतेच्या वर असते. तंबाखूचं पान पाणी ओढून फुगतं. 50 गेजमध्ये फुगायला थोडी तरी जागा असते, 38 गेजमध्ये फुगलेलं पान धुराची वाट बंद करतं. पॅक कपाटात नुसता ठेवला असेल तर जगातला उत्तम लान्सेरोही तुंबेल. जाड सिगार 65 ते 69 टक्क्यांवर खुशाल राहतात. बारीक मी 62 ते 65 वर ठेवतो. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात 62 टक्के आर्द्रता राखणारी दुतर्फी पुडी (जास्तीचा ओलावा शोषणारी, कमी पडला तर सोडणारी) टाका, दोन-तीन आठवडे डबा उघडू नका. उरलेल्या तीन सिगारवर उपाय हाच.

इथे एक इशारा. ओढण्याआधी सिगार एक-दोन दिवस पुडीशिवाय साध्या लाकडी खोक्यात ठेवून सुकवा, असा सल्ला परदेशी जाणकार देतात. त्यांच्याकडे हिवाळ्यात घरं तापवलेली, हवा कोरडी. दादरला किंवा चिपळूणला जुलैत हे केलंत तर सिगार सुकायचा राहिला, बुरशी धरेल. मे महिन्यात पुण्या-नागपुरात गोष्ट उलटी. दुपारी आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते आणि खोक्याबाहेर राहिलेला लान्सेरो एका दिवसात तडकतो, कारण त्याच्या पोटात धरून ठेवायला ओलावाच थोडा. आर्द्रतामापक खरा सांगतोय का हे घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजवा, मापकासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला हवं. दाखवत नसेल तर जो फरक पडला तो धरून चाला.

आपल्याकडच्या उष्णतेत दुसरी भीती किड्याची. रॅपरला टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर समजा तंबाखूचा भुंगेरा लागला. असा एक सिगार सापडला तर बाकीचे पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढलेत तर रॅपर फुटतं.

दुसऱ्या सिगारकडे येऊ. लांब नळीतून धूर येताना थंड होतो, आणि त्यातलं पाणी व तेलं वाटेतल्या पानांवर बसतात. म्हणून सुरुवातीचा एक तृतीयांश भाग इतका शांत, गोड लागतो. तिथेच हात सुटतो. रोबुस्टोच्या लयीत झुरके सुरू होतात, बारीक निखारा लगेच लाल होतो, आणि वाटेत साचलेलं सगळं भाजून तोंडात येतं. रोबुस्टोला मिनिटाला एक झुरका चालत असेल तर लान्सेरोला दीड मिनिटाला एक पुरे. बोटांनी सिगार निखाऱ्यापासून दोन बोटं अलीकडे धरून बघा. तिथे गरम लागला तर खाली ठेवा, बोलत बसा. विझला तर विझू दे, राख झटकून परत पेटवायला काही हरकत नाही. कडवटपणा जाणवायला लागला की झुरका घेण्याऐवजी सिगारमधून एकदा बाहेरच्या दिशेने हलकी फुंकर मारा. साचलेला शिळा धूर निघून जातो, दोन झुरक्यांत चव सुधारते. पूर्ण लान्सेरोला सव्वा तास सहज लागतो. चाळीस मिनिटांत संपला असेल तर घाई झाली. शेवटचे चार-पाच सेंटिमीटर सोडून द्या, तिथे फक्त डांबर उरलेलं असतं.

पेटवताना जेट लाइटर लांब धरा, किंवा काडी वापरा. पंधरा मिलिमीटरचं टोक काही सेकंदांत पेटतं, आणि जेटच्या ज्वाळेने रॅपर करपलं की पहिल्या दहा मिनिटांची चव गेली. ज्या रॅपरसाठी पैसे मोजले तेच जाळून टाकण्यात काय हशील?

आणि हो, धूर छातीत घ्यायचा नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. रिकाम्या पोटी ओढलात तर घाम, मळमळ, चक्कर ठरलेली. छातीत न घेतल्याने तो निरुपद्रवी होतो हा समज मी दुकानात शेकड्याने ऐकला. खोटा आहे. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग सिगारनेही होतो. मी स्वतः महिन्याला एक-दोनवर ठेवलंय, आणि कोणी सुरू करू का विचारलं तर नको म्हणतो. तुम्ही आधीपासून ओढताय म्हणून हे लिहितोय.

काय घ्यावं याबद्दल. कोहिबा लान्सेरो उत्तम असतो यात वाद नाही. पण 2022 च्या दरवाढीनंतर त्याचे भाव असे भडकले की मी त्याची शिफारस करणं सोडून दिलं. शिवाय सगळ्यात जास्त नकला कोहिबाच्याच. काचेच्या झाकणाचं कोहिबाचं खोकं दिसलं की सरळ पुढे चालू लागा, असं अस्सल खोकं नसतंच. खऱ्या क्यूबन खोक्याच्या तळाला कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष यांचा शिक्का असतो, महिना स्पॅनिशमध्ये, जसं एनेरोचं तीन अक्षरी रूप जानेवारीला. त्यावरून वयही कळतं. दोन-तीन वर्षं जुना मिळाला तर तोच घ्या. ताज्या मालात अमोनियाचा वास राहून गेलेला असतो, आणि बारीक सिगारमध्ये तो लपत नाही. क्यूबाबाहेर निकाराग्वाच्या एस्तेलीत वळलेला माल मला जास्त भरवशाचा वाटतो. ओलिव्हाचं नाव वर आलंच. होया दे निकाराग्वाचा आंतान्यो तिखट आहे, पोटभर जेवणानंतरच ओढा. सौम्य हवा असेल तर डोमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेला डाव्हिडॉफ नंबर 2, 152 मिलिमीटर, 38 गेज. महाग आहे, पण वळणी इतकी एकसारखी की बारीक सिगारची ओढ कशी असावी हे त्यावरून शिकता येतं.

एवढा खर्च आणि डबे-पुड्यांचा व्याप नको असेल तर युरोपात दोन जुने मार्ग आहेत. इटलीचा टोस्कानो 1818 पासून बनतोय. धुरावर सुकवलेल्या केंटकी तंबाखूचा, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता. तो कोरडाच ओढतात, ह्युमिडॉर (ओलावा राखणारं खोकं) लागत नाही, आणि बरेच इटालियन मधोमध कापून अर्धा आता, अर्धा नंतर असा ओढतात. चव राकट, चुलीच्या धुरासारखी. लान्सेरोची नजाकत त्यात शोधू नका. स्वित्झर्लंडच्या ब्रिसागो गावात 1847 मध्ये सुरू झालेल्या लांब, वाकड्या सिगारमध्ये तर ओढीचा प्रश्न मुळातच सोडवलाय. वळतानाच आत गवताची काडी घालतात, पेटवण्याआधी ती ओढून काढायची, धुराला वाट तयार. आपल्याकडे तिरुचिरापल्लीचे चिरूट होते, दोन्ही टोकं उघडी, कापायची भानगडच नाही. एकोणिसाव्या शतकात त्यांचं नाव पार इंग्लंडपर्यंत गेलं होतं. आज मिळतात ते स्वस्त आणि तिखटजाळ आहेत, वळणी एका जुडीतही सारखी नसते. पण दहा चिरूट समोर ठेवून डोळे मिटून बोटांनी छाट काढायची सवय करायला त्यांच्याइतकं स्वस्त साधन नाही.